बोटाला शाई लागली, नळाला तोटी कधी?

पावसाळा सुरू होऊन शाळा रुळल्या की चोपड्यापासून नवापूरपर्यंत, खानदेशातल्या गावोगावच्या शाळांमधून एकाच ठेवणीचे फोटो येऊ लागतात. वर्गाच्या दारात मुलांची रांग, टेबलावर मोबाईल, मोबाईलमध्ये मतदान यंत्राचं अ‍ॅप, बोटाला मार्करची शाई आणि शेवटच्या फोटोत गळ्यात हार घातलेलं शालेय मंत्रिमंडळ. त्या फोटोंवरून वाद घालणाऱ्यांच्या बाजूही ठरलेल्या. एक बाजू म्हणते, मुलांना लोकशाहीचं बाळकडू मिळालं. दुसरी म्हणते, गावात राजकारण काय कमी आहे म्हणून शाळेचाही आखाडा करता? दोघांचं भांडण चालतं ते फक्त एका दिवसाबद्दल, मतदानाच्या. दुसऱ्या दिवशी त्या मंत्रिमंडळाचं काय होतं, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. शाळेत निवडणूक घ्यावी, जरूर घ्यावी. पण तिच्या निकालावर शाळेतली एखादी खरी गोष्ट अवलंबून नसेल तर ती न घेतलेलीच बरी. निवडून आलेल्या आरोग्यमंत्र्याला वर्षभरात पाण्याच्या टाकीच्या नळाला तोटी बसवून घेता आली नाही, तर त्याला मत देणारी शंभर-सव्वाशे मुलं एक पक्की गोष्ट शिकून बाहेर पडतात: मत देऊन काही होत नसतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले धडे परीक्षेनंतर विसरले जातात. हा विसरला जात नाही.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला हवं, कारण ते पोकळ नाही. खेड्यातली शाळा गावापासून वेगळी कधी असते? ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ज्या दोन घरांत वैर आलं, त्यांची मुलं एका बाकावर बसतात. उमेदवार उभे राहिले की भाऊबंदकी, गल्ली, पाडा, जात हे सगळं दप्तरातून वर्गात येतं. कोणाचे वडील चॉकलेटचा पुडा पाठवतात, गावात वजन असलेल्या घरचा मुलगा प्रचार न करता निवडून येतो, हरलेली मुलगी चार दिवस शाळेत येत नाही. आणि मोठ्यांनी समोर ठेवलेला नमुना तरी कोणता? जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी आणि नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या, कारण तिथे पदांचा जाहीर लिलाव झाला होता. अशा लिलावांमागचा हिशेब सगळीकडे सारखाच असतो: पैसा गावच्या कामाला लागेल, निवडणुकीचा खर्च वाचेल, भांडणं होणार नाहीत.

पण थांबून बघा. भांडणं नकोत म्हणून निवडणूक नको, हाच तर शाळेतल्या निवडणुकीला विरोध करणाऱ्यांचाही युक्तिवाद आहे. मतभेद म्हणजे भांडण आणि भांडण म्हणजे नामुष्की, ही समजूत लिलाव करणाऱ्या गावाने कुठून आणली? दहा-बारा वर्षं आपण सगळे अशा वर्गांत बसलेलो असतो जिथे मॉनिटर गुरुजींनी नेमलेला असतो आणि तो बिनविरोध असतो. दोन जण एकमेकांविरुद्ध उभे राहिले, एक हरला आणि दुसऱ्या दिवशी दोघं एकाच डब्यातून जेवले, हे दृश्य मुलाने मोठं होईपर्यंत एकदाही पाहिलेलं नसतं. मग वयाच्या अठराव्या वर्षी ते त्याला आपोआप कसं जमावं? जात आणि भाऊबंदकी निवडणुकीमुळे वर्गात येत नाही. ती आधीपासून असते: कोण कोणाच्या शेजारी बसतं, कोण कोणाच्या माठातलं पाणी पितं, झाडू कोणाच्या हातात दिला जातो यात ती रोज दिसते. निवडणूक तिला उघड्यावर आणते. उघड्यावर आलेल्या गोष्टीसाठी शिक्षकाला नियम करता येतो.

दुसरा आक्षेप वयाचा. मुलांना काय कळतं? हा आक्षेप खानदेशाने तरी जपून घ्यावा. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं ते आपल्या फैजपूरला. पंडित नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी हजर होते, बांबूच्या नगरीची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. शेतकऱ्यांच्या कर्जाबद्दल, शेतसाऱ्याबद्दल तिथे ठराव झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच, १९३७ च्या सुरुवातीला, प्रांतिक निवडणुका झाल्या आणि त्या मंडपात बसलेल्या असंख्य शेतकऱ्यांना आणि जवळजवळ सगळ्या बायकांना त्यात मत नव्हतं. मत होतं ते सारा भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला, शिकलेल्याला. ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून साधारण तीन कोटी लोकांना. बाकीच्यांना 'कळत नाही' असं मानलं जात होतं. पंधरा वर्षांनी, १९५१-५२ मध्ये, १७ कोटींहून अधिक लोकांच्या हातात मतपत्रिका आली तेव्हा देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. लोक आधी शिकू देत, मग मत देऊ, असं तेव्हाही म्हणणारे होते. निवडणूक आयोगाने उलटा रस्ता धरला. वाचता येत नाही ना, मग प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, आणि कागद फक्त आत टाकायचा. मतदाराची पात्रता वाढण्याची वाट न पाहता त्यांनी मतदानाची रीत त्याच्या हाताला सोपी केली. पहिलीतल्या मुलाला मत देता येईल का, या प्रश्नाचं उत्तर त्या पेट्यांनी देऊन ठेवलं आहे.

आणि ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. त्या हौतात्म्याचा दाखला देऊन मुलांना मोठ्यांच्या राजकारणात ओढावं, असं मी म्हणणार नाही. ती वेळ मुलांवर यायलाच नको होती. पण दर १५ ऑगस्टला ही गोष्ट मुलांना अभिमानाने सांगायची आणि त्याच मुलांना ग्रंथालयात कोणती पुस्तकं घ्यावीत हेही विचारायचं नाही, याचा मेळ कसा घालायचा?

आता समर्थकांकडे वळतो, कारण माझी जास्त तक्रार त्यांच्याबद्दल आहे. ते ज्याला अभिरूप निवडणूक म्हणतात, तिची रचनाच बहुधा चुकलेली असते. मुलं थेट 'आरोग्यमंत्री', 'क्रीडामंत्री', 'पोषण आहार मंत्री' यांना मतं देतात. आपल्या देशात मंत्री असे निवडले जातात का? लोक आमदार निवडतात, बहुमत ज्याच्या पाठीशी तो मुख्यमंत्री होतो आणि तो मंत्री नेमतो. म्हणजे मुलांना पहिल्याच दिवशी चुकीचा नकाशा दिला जातो. त्याहून मोठी चूक अशी की मंत्रिमंडळ आहे, पण त्याला जाब विचारणारी सभाच नाही. खेड्यातल्या मुलाच्या डोळ्यांसमोर असलेली संस्था ग्रामपंचायत. तीच शाळेत आणावी: वॉर्ड, सदस्य, सरपंच आणि सगळ्यात महत्त्वाची ग्रामसभा. सरपंच सदस्यांनी निवडावा की थेट सगळ्यांनी, यावर महाराष्ट्रानेच २०१७, २०२० आणि २०२२ मध्ये आपलं मत फिरवलं आहे. हा प्रश्न मुलांसमोर जसाच्या तसा ठेवावा आणि त्यांनाच ठरवू द्यावं. ग्रामसभेची गणपूर्ती कायद्यात १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असेल ती आहे. १२० पटाच्या शाळेत ती १८ होते. अठरा मुलं जमली नाहीत म्हणून सभा तहकूब झाली, तर ती का जमली नाहीत यावर एक अख्खा तास बोलता येतो, आणि तो तास गावातल्या ग्रामसभेबद्दलही असतो.

शाळेतली अशी निवडणूक कशी घ्यावी हे शिक्षकांना नव्याने शिकवावं लागत नाही. आपल्याकडे मतदान केंद्राध्यक्ष कोण असतो? शिक्षकच. मार्क कॉपी, म्हणजे खुणा करायची मतदार यादी, घेऊन बसणारा मतदान अधिकारी क्रमांक एक, शाई लावणारा, बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून दारोदार फिरणारा, सगळे शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामातून सोडवताना जनगणना आणि आपत्ती निवारणाबरोबर निवडणुकीचं काम मात्र त्यांच्याकडेच ठेवलं. त्या कामाचा शिक्षकांना किती त्रास होतो हे मला ठाऊक आहे आणि आणखी एक उपक्रम, आणखी एक अहवाल, आणखी दहा फोटो, ही त्यांची कुरकुर रास्त आहे. पण त्या त्रासातून त्यांच्या अंगी जे कसब आलं आहे ते वर्गात एका पैशाचंही वापरलं जात नाही. फोटो आणि अहवाल वगळले तर सगळं काम आठ तासिकांत बसतं: यादीला दोन, अर्ज आणि छाननीला एक, सभांना दोन, मतदानाला दोन, मोजणीला एक.

यादीपासून सुरुवात करावी, कारण शिकण्यासारखं सर्वांत जास्त तिथेच आहे आणि फोटोत ते कधीच येत नाही. हजेरीपटावरून मुलांनीच मतदार यादी उतरवावी, प्रारूप म्हणून तीन दिवस फळ्यावर लावावी आणि हरकती लेखी घ्याव्यात. नाव चुकलं, आडनाव चुकलं, दाखला नेलेल्या मुलाचं नाव राहिलं, नव्या मुलीचं आलंच नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत साधारण २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं आणि आयोगाने तशी नोंद मान्य केली नाही. हरकती घेऊन झाल्यावर ही गोष्ट सांगितली की यादी म्हणजे नुसता कागद नाही, हे पाचवीतल्या मुलीला वेगळं समजावावं लागत नाही.

यादीशीच तारखेचा प्रश्न जोडलेला आहे आणि खानदेशात तो फार मोठा आहे. काही शाळा हा कार्यक्रम २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनी घेतात. त्या दिवशी साक्री, नवापूर, धडगाव, अक्कलकुव्याकडच्या वर्गांत बघा: किती बाकं रिकामी असतात? दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबांबरोबर मुलंही गेलेली असतात. जानेवारीत निवडणूक घेतली तर शाळेतल्या सर्वांत गरीब मुलांचं मत आपण तारीख ठरवतानाच काढून घेतलेलं असतं, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून निवडणूक ऑगस्टमध्ये, फार तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. सरकारी दिनविशेषाशी जुळवण्यापेक्षा पटाशी जुळवावं.

वॉर्ड कसे पाडायचे? वर्गाला एक वॉर्ड केलं तर सातवीचं वजन पडतं, गल्लीला किंवा पाड्याला वॉर्ड केलं तर गाव जसंच्या तसं शाळेत उतरतं. मला सर्वांत बरी वाटलेली रीत चिठ्ठ्यांची आहे. १२० मुलं, आठ वॉर्ड, प्रत्येकी पंधराच्या आसपास मतदार. प्रत्येक वर्गाच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवून प्रत्येक वॉर्डात दोन-दोन टाकाव्यात. मग पाटलाच्या वाड्यातल्या मुलाला टेकडीवरच्या वस्तीतल्या पहिलीच्या पोराकडे मत मागायला जावंच लागतं. आठपैकी चार जागा मुलींच्या, आणि त्या कोणत्या हेही चिठ्ठीने. राज्यातल्या स्थानिक संस्थांमध्ये बायकांना निम्म्या जागा आहेत, तेव्हा शाळेने मागे राहण्याचं कारण नाही. चिन्हं पक्षांची अजिबात नकोत. सूप, घागर, टोपली, चाडं, केळीचा घड अशी रोजची चित्रं, तीही सोडत काढून. खर्चाची मर्यादा शून्य रुपये. चॉकलेट वाटलं गेलं तर शिक्षकांनी शिक्षा करू नये. तक्रार लेखी यावी, चिठ्ठीने निवडलेल्या पाच मुलांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि निकाल कारणासह फळ्यावर लिहावा. चॉकलेट घेणाऱ्यालाही दोन प्रश्न विचारावेत.

भाषणाबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. प्रमाण मराठीत पाठ केलेलं भाषण करणारं मूल जिंकतं आणि अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत विचार करणारं मूल उभंच राहत नाही. सूचना एका ओळीची असावी: दोन मिनिटं, कोणत्याही बोलीत. त्याहून चांगलं, भाषणं कमी करून प्रश्न वाढवावेत. 'तू काय करशी?' असा थेट सवाल मागच्या बाकावरून आला की पाठांतर संपतं आणि उमेदवार खरं बोलू लागतो. सहलीचं आश्वासन देणाऱ्याला पैसे कुठून आणणार हे दुसरीतलं मूलही विचारतं.

मतदान कागदावर घ्यावं. मोबाईलच्या अ‍ॅपला माझा विरोध तंत्रज्ञानामुळे नाही. अ‍ॅपमध्ये मूल बटण दाबतं, आवाज येतो आणि शेवटी पडद्यावर आकडे येतात. ते आकडे कुठून आले हे कोणी पाहिलेलं नसतं. खऱ्या मतदान केंद्रावर मात्र दिवसाची सुरुवातच अविश्वासाने होते. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्र रिकामं आहे हे दाखवतात, किमान ५० मतांचं अभिरूप मतदान होतं, यंत्राचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवतात, मग ती मतं पुसून यंत्र मोहोरबंद होतं. अभिरूप मतदानाची मतं पुसायला विसरणं ही केंद्राध्यक्षाची सर्वांत नावाजलेली चूक, म्हणून तर क्लोज, रिझल्ट, क्लिअर हा बटणांचा क्रम प्रशिक्षणात घोकून घेतात. संध्याकाळी १७-क नमुन्यात किती मतं पडली याचा हिशेब लिहून प्रतिनिधींना प्रत द्यावी लागते. ही सगळी धडपड कशासाठी? कोणी चोर आहे म्हणून नव्हे. हरणाऱ्याला 'मी हरलो' हे पटावं म्हणून. लोकशाहीचा हा गाभा अ‍ॅपच्या शिट्टीत हरवतो आणि कागदात डोळ्यांना दिसतो.

त्याला लागतं काय? ए-फोर कागदाचे चार भाग केले की ३२ कागदांत १२८ मतपत्रिका होतात, आठ वॉर्डांच्या प्रत्येकी सोळा. प्रत्येकीमागे मुख्याध्यापकांची सही. पुठ्ठ्याचे दोन आडोसे, झाकणाला फट पाडलेले डबे, शाईचा पॅड आणि फुलीचा शिक्का. मतपत्रिकेची घडी आधी उभी, मग आडवी. म्हणजे ओली शाई उमटली तरी त्याच उमेदवाराच्या रांगेत उमटते. आडवी घडी आधी घातली की शिक्का दोन चिन्हांवर दिसतो आणि मोजणीत भांडण होतं. एका मुलाला साधारण पाऊण मिनिट लागतं, दोन आडोशांवर १२० मुलं पाऊण तासात होतात. मतदानाची खरी शाई आणू नये, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, मार्कर पुरे. शेवटी कागदांचा हिशेब: पेटीतले, बिघडलेले आणि उरलेले मिळून १२८ झालेच पाहिजेत. एक कमी पडला तरी शोधायचा, सापडला नाही तर तसं लिहायचं.

मोजणीत सर्वांत मोठी चूक होते ती वर्गवार मोजण्याची. चौथीत नऊच मुलं असतील आणि चौथीची मतं वेगळी मोजली तर कोणी कोणाला दिलं हे पाच मिनिटांत कळतं. वॉर्डातल्या सगळ्या मतपत्रिका एकत्र मिसळूनच मोजाव्यात. मोठ्यांच्या निवडणुकीतलं हे दुखणं आपण चांगलं ओळखतो. बूथवार आकडे बाहेर येतात आणि 'तुमच्या वस्तीतून मतं नव्हती' म्हणून रस्ता अडतो. मिसळून मोजता यावं यासाठी आयोगाने टोटलायझर यंत्राचा प्रस्ताव देऊनही ते आलेलं नाही. निदान शाळेत ते डब्यात हात घालून करता येतं. संशयास्पद मतपत्रिका बाजूला ठेवून दोन्ही प्रतिनिधींना दाखवून निर्णय, फेरमोजणीची मागणी एकदा, लेखी, आणि बरोबरी झाली तर चिठ्ठी.

इथपर्यंतचं सगळं नीट झालं आणि पुढे काही झालं नाही, तर मी म्हणेन सगळं वाया गेलं. पुढे काय होतं ते बहुतेक शाळांत पाहण्यासारखं आहे. मंत्री झालेली मुलं गोंगाट करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितात, रांगा लावतात, गुरुजींचा निरोप वर्गावर्गांत नेतात. निवडलं मुलांनी आणि काम करतात शिक्षकांचं. मतदारांवर पहारा ठेवणारा प्रतिनिधी हा कसला प्रतिनिधी? आणि स्वच्छतामंत्र्याचं काम काय, तर वर्ग झाडून घेणं; झाडू शेवटी मुलींच्याच हातात येतो, कुठे कुठे ठरावीक घरच्याच मुलांच्या. म्हणून दोन मनाया पहिल्याच दिवशी लिहून ठेवाव्यात: सदस्याला कोणालाही शिक्षा करण्याचा किंवा कोणाचं नाव देण्याचा अधिकार नाही, आणि झाडलोटीची पाळी पदावरून नव्हे, सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून.

मग त्यांना अधिकार कशाचा? थोडा, पण खरा. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेच्या निकषांनुसार १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान असतं आणि त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. म्हणजे पाच हजार. पैसे उशिरा येतात, तुकड्यांत येतात, हे खरं. आले तेवढ्यांचा दहावा हिस्सा धरावा. तो कशावर खर्च व्हावा याचा ठराव मुलांच्या ग्रामसभेने करावा. नळाची तोटी, साबण, मुलींच्या शौचालयाला आतून कडी. ठराव शाळा व्यवस्थापन समितीकडे जावा. या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणजे मुलं आपल्याच आई-बापांपुढे लेखी मागणी ठेवत असतात. समितीने नकार दिला तरी चालेल. एकच अट असावी, पुढच्या सभेच्या आत कारण लेखी द्यायचं. आपली मागणी का फेटाळली हे कागदावर मिळवण्याची सवय ज्या मुलाला लागली, ते मोठेपणी तलाठी कार्यालयातून 'उद्या या' ऐकून परत फिरणार नाही.

पैशाखेरीजही जागा आहेत. पोषण आहाराची चव नोंदवही शाळेत असतेच. तिच्यात आठवड्यातून एकदा चिठ्ठीने निवडलेल्या दोन मुलांची नोंद असावी. ग्रंथालयाच्या खरेदीत निम्मी पुस्तकं मुलांच्या यादीतली. स्नेहसंमेलनात कोणते कार्यक्रम, खेळाच्या तासाला मैदान कोणाला, कारण ते मुलग्यांच्या मोठ्या गटाने कायमचं अडवलेलं असतं. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत. तसं एक पान, सभेचं इतिवृत्त आणि खर्चाचा आकडा, दर महिन्याला भिंतीवर लावायला छपाई लागत नाही.

इथे मुख्याध्यापकांची एक शंका येते आणि ती बरोबर आहे: मुलांनी अवास्तव ठराव केला तर? करतीलच. सगळे पैसे क्रिकेटच्या बॅटवर घालवण्याचा ठराव एखाद्या वर्षी होईल, कारण मुलग्यांची संख्या जास्त आणि आवाज मोठा. बहुमताची ही खरी अडचण आहे. बोलकी, बलवान, लोकप्रिय मुलं निवडून येतात आणि गप्प बसणाऱ्यांचं काय, याचं उत्तर निवडणुकीत नाही. ते शोधायला हजार वर्षं मागे जावं लागतं. तमिळनाडूतल्या उत्तिरमेरूरला चोळ राजा परांतकाच्या काळातला, दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. गावच्या समित्यांवर कोण, हे तिथे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांनी ठरत असे: नावं घड्यात टाकायची आणि एका लहान मुलाकडून चिठ्ठी काढून घ्यायची. ती सभा ब्राह्मण जमीनदारांची होती, बाकीच्यांना त्यात जागा नव्हती, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. पण एक नियम उचलण्यासारखा आहे. ज्याने आधीच्या कामाचा हिशेब दिला नाही तो पुन्हा उभा राहू शकत नसे, आणि त्याचे जवळचे नातेवाईकही नाही. शाळेत आठ निवडलेल्या सदस्यांबरोबर आठ चिठ्ठीने आलेली मुलं बसवावीत, समान मताने. जी मुलगी कधीच उभी राहिली नसती ती चिठ्ठीने येते, कडीबद्दल बोलते, आणि बॅटचा ठराव पुन्हा विचारात घ्यावा लागतो. हिशेबाचा नियम नातेवाईक वगळून जसाच्या तसा घ्यावा.

हे सगळं शाळेतच का, कॉलेजात का नको, असंही कोणी विचारेल. कारण कॉलेजात ते जवळजवळ उरलेलं नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने राज्यातल्या खुल्या विद्यार्थी निवडणुका बंद केल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. हाणामारी आणि खून झाले होते, कारण खोटं नव्हतं. २०१६ च्या कायद्याने दार पुन्हा उघडलं, पण त्यातून आत जाणं पुढेच ढकललं गेलं. वरती जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या. मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आलं, आता तर सतराव्या वर्षी आगाऊ अर्ज भरता येतो. फॉर्म भरून घेण्याची घाई आपल्याला आहे, पण सभेत उभं राहून सूचना मांडणं, अनुमोदन मिळवणं, हरल्यावर इतिवृत्तात आपला विरोध नोंदवून घेणं यांचा सराव त्या मुलाला कुठे मिळाला? ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी बजावलं होतं की संविधानाची नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. जोपासायची तर रोप लहान असतानाच.

राहिली शेवटच्या सभेची तारीख. बहुतेकांच्या मनात २६ जानेवारी येईल. झेंडा असतो, पालक येतात, सोयीचं असतं. पण ऑगस्टमध्ये मत देऊन उसाच्या फडावर गेलेली मुलं त्या दिवशी नसतात. होळीला सातपुड्यातली बरीच कुटुंबं घराकडे येतात. सदस्यांनी वर्षाचा हिशेब मांडायचा तो होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, ऑगस्टमधलीच मतदार यादी समोर ठेवून, आणि पहिला प्रश्न विचारण्याची पाळी बाहेरगावाहून परत आलेल्या मुलांची.